विमान शाकारायचे कोणी?

मे महिना सरत आला की मिरकरवाड्याच्या बंदरातले आवाज बदलतात. इंजिनांची धडधड थांबते आणि हातोडी, रंधा, खरवडणी सुरू होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेवढ्यात नौका वर ओढायची, तळाला चिकटलेली कालवे काढायची, फळ्यांचे सांधे बघायचे, इंजिन उघडायचे आणि शेवटी झाप किंवा ताडपत्री घालून होडी शाकारून ठेवायची. शाकारणे हा शब्द आम्ही घरालाही वापरतो. कौले चाळायची, फुटकी बदलायची, वाशाला कुठे वाळवी लागली आहे का ते ठोकून बघायचे. हे काम चालू असताना नौकामालक सावलीत खुर्ची टाकून बसलेला दिसत नाही. सुताराने बसवलेली फळी तो अंगठ्याने दाबून बघतो, कारण ऑगस्टमध्ये त्याच नौकेवर त्याचा भाऊ असतो, मुलगा असतो, पुष्कळदा तो स्वतःच असतो.

बंदरापासून फार लांब नाही, मिरजोळ्याला, रत्नागिरीचा विमानतळ आहे. तो तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे. आमच्या डोक्यावरून जाणारी हेलिकॉप्टरे त्यांची असतात आणि ती कितपत धडधाकट आहेत हे संरक्षण खात्याची स्वतंत्र यंत्रणा पाहते; नागरी विमानांचे नियम त्यांना लागत नाहीत. आता मिरजोळ्याला प्रवासी वाहतुकीची तयारी चालली आहे, आणि सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेलाच आहे. प्रवासी विमाने येतील तशी मागोमाग छोटी विमानेही येतील. कोणा उद्योगपतीचे, कोणा भाड्याने देणाऱ्या कंपनीचे, एखाद्या प्रशिक्षण संस्थेचे. छोटे विमान सहसा नवे कोरे नसते. ते तिसऱ्या-चौथ्या हातातले, वीस-तीस-चाळीस पावसाळे पाहिलेले असते. अशा विमानाची देखभाल नेमकी कोणाची जबाबदारी, आणि ती महाराष्ट्रात आजवर कोणी कशी निभावली, हा या लेखाचा विषय.

कायद्याचे उत्तर अगदी सरळ आहे. जबाबदारी मालकाची. भारतातील विमाने २०२४ पर्यंत १९३४ च्या विमान अधिनियमाखाली होती. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. त्याखाली १९३७ चे विमान नियम आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, आवश्यकता येतात. त्यांतल्या ‘कार-एम’ नावाच्या भागात जबाबदारीचे कलम आहे. त्याचा आशय असा: विमान उड्डाणयोग्य ठेवणे हे मालकाचे काम. विमानाची निगा मंजूर कार्यक्रमाप्रमाणे राखलेली नसेल, आपत्कालीन साधने जागच्या जागी आणि चालू स्थितीत नसतील, प्रमाणपत्र वैध नसेल, तर ते विमान उडणार नाही याची खात्री मालकाने करायची. विमान भाडेपट्ट्याने दिले असेल आणि करारात तसे लिहिले असेल, तर ही जबाबदारी भाडेपट्टेदाराकडे जाते. अमेरिकी नियमावलीच्या ९१ व्या भागातही हेच आहे. तिथे विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी मालकावर किंवा ते चालवणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे ते काम दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगावर ढकलता येत नाही.

व्यवहारात मात्र तीन जण असतात. परवानाधारक देखभाल अभियंता काम करून सही देतो. त्याला या क्षेत्रात सगळे ‘एएमई’ म्हणतात. ‘कॅमो’ म्हणून ओळखली जाणारी संस्था कागदपत्रे सांभाळते, कोणत्या भागाचे आयुष्य कधी संपते याचा हिशेब ठेवते, आणि वर्षातून एकदा तपासणी होऊन ‘एआरसी’ नावाचे प्रमाणपत्र नवे होते. तिसरा मालक. तो पैसे देतो. आता विमानाचे लॉगबुक उघडून बघा. केलेल्या कामाखाली एएमईची सही असते, उड्डाणापूर्वी विमान ताब्यात घेताना वैमानिकाची सही असते. ज्याच्यावर कायदा सगळे ओझे टाकतो त्याच्या सहीला मात्र त्या पानावर जागा नसते. काही बिघडले की बोट सहीकडे जाते, आणि मालक ‘आम्ही तर सगळे मान्यताप्राप्त संस्थेकडे सोपवले होते’ म्हणून मोकळा होतो. सोपवता येते ते काम. जबाबदारी सोपवता येत नाही, हे कार-एमचे म्हणणे बऱ्याच मालकांना अपघातानंतरच कळते.

विमान म्हातारे कधी होते, हा दुसरा प्रश्न, आणि तो दिसतो तेवढा सोपा नाही. विमानाचे वय तीन तऱ्हांनी मोजतात: किती वर्षे झाली, किती तास उडाले, आणि कितीदा चढले-उतरले. तिन्ही आकडे वेगवेगळे बोलतात.

४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या पायपर ॲरो विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर लगेच तुटून पडला. शिकाऊ वैमानिक आणि परीक्षक दोघेही गेले. विमान २००७ चे, अवघ्या अकरा वर्षांचे. घरातला फ्रीजही आपण अकरा वर्षांत टाकत नाही. पण ते साडेसात हजार तासांहून अधिक उडाले होते, तेही प्रशिक्षणात, म्हणजे सतत खालून, सतत चढ-उतार करत, नवशिक्यांच्या धडाधड उतरण्याचे धक्के खात. पंखाच्या आत एक मुख्य तुळई असते, तिला स्पार म्हणतात. तिच्या बोल्टच्या भोकाला थकव्याची भेग पडली होती. धातूचा थकवा हा शब्द अगदी नेमका आहे. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, शंभरदा वाकवली की तुटते. ही भेग बाहेरून दिसत नाही. बोल्ट काढून, भोकात एडी करंट नावाच्या विद्युत तपासणीची सळई फिरवावी लागते. पुढे अमेरिकेच्या विमान नियामकाने, म्हणजे एफएएने, या जातीच्या हजारो विमानांना तशी तपासणी सक्तीची केली. विशेष म्हणजे असाच एक पंख १९८७ साली टेक्सासमध्ये तुटला होता. ते विमान तेलवाहिनीवर खालून गस्त घालणारे होते. तेव्हाही तपासणीची सक्ती झाली. शेकडो पंख उघडले, भेगा जवळजवळ सापडल्याच नाहीत, मालकांचा खर्च आणि तक्रारी वाढल्या, आणि सक्ती मागे घेतली गेली. मधली तीस वर्षे भेगांना मोकळीच मिळाली.

२०१९ साली ऑस्ट्रेलियातील माउंट आयझाजवळ भूसर्वेक्षण करणाऱ्या सेस्ना २१० चा पंख गेला आणि दोघे मरण पावले. तिथे थकव्याच्या जोडीला गंज होता. धातूच्या पृष्ठभागावर गंजाचा बारीक खड्डा पडला, तिथून भेग सुरू झाली, आणि विमान जमिनीलगत, वाऱ्याचे हिसके खात रोज तासन्‌तास उडत राहिले. ते १९७६ चे होते.

आम्हा कोकणातल्या माणसांना मात्र तिसरेच उदाहरण जास्त जवळचे वाटावे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छप्पर उडत्या विमानात निघून गेले. विमान छोटे नव्हते, पण ते छोट्या विमानासारखे वापरले जात होते. बेटाबेटांमधली पाव-अर्ध्या तासाची उड्डाणे. एकोणीस वर्षांत जवळजवळ ९० हजार. प्रत्येक उड्डाणात फुग्यासारखे फुगायचे आणि उतरताना आखडायचे. वर चोवीस तास समुद्राची खारी हवा. पत्र्यांचे चिकटवलेले सांधे सुटत गेले आणि रिव्हेटांच्या रांगेत एकामागोमाग एक बारीक भेगा पडल्या. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. नंतर कळले, की चढताना एका प्रवासी बाईंना दरवाजाजवळ पत्र्याला भेग दिसली होती. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. यानंतर अमेरिकेत १९९१ मध्ये जुन्या विमानांच्या सुरक्षिततेचा खास कायदा झाला, पण त्याचा रोख मोठ्या प्रवासी विमानांवर होता. छोट्या विमानांच्या मालकांसाठी एफएएने २००३ मध्ये वैमानिकांच्या आणि मालकांच्या संघटनांना सोबत घेऊन एक मार्गदर्शिका काढली. मार्गदर्शिका म्हणजे सल्ला. तो पाळायचा की नाही, हे मालकाच्या खिशावर आणि बुद्धीवर.

रत्नागिरीत लोखंडी गेट तीन वर्षांत कसे होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ॲल्युमिनियम तसे लाल होत नाही, म्हणून लोक बेसावध राहतात. विमानाच्या ॲल्युमिनियमचा गंज पांढऱ्या पिठासारखा येतो, रंगाखाली किड्याच्या वाटेसारख्या वळवळत्या रेषा काढतो, किंवा पत्र्याच्या पोटातून पापुद्रे सुटायला लावतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे, पाणी साचणाऱ्या खालच्या कोपऱ्यात, बॅटरीखाली, सतरंजीखाली तो आधी येतो. वरून रंग छान चकचकीत असतो. जुन्या विमानावर नवा रंग दिसला की जाणकार माणूस खूश होण्याऐवजी टॉर्च आणि आरसा काढतो.

दरवेळी पंखच तुटावा लागतो असे नाही. सेस्नाच्या वैमानिकाची खुर्ची रुळावर पुढे-मागे सरकते आणि एक खीळ रुळाच्या भोकात बसून तिला धरते. हजारो चढ-उतारांनंतर ती भोके झिजून लांबट होतात. उड्डाणाच्या वेळी नाक वर होते, खीळ सुटते, खुर्ची मागे घसरते, आणि सुकाणू हातात धरलेला वैमानिक ते छातीशी ओढतो. नाक आणखी वर जाते. अशा अपघातांत माणसे गेली आहेत. म्हणून १९८७ पासून या रुळांची ठराविक तासांनी मोजणी सक्तीची आहे. भोकाचा व्यास मोजायला कितीसा वेळ लागतो? पण मालकाने विचारले नाही आणि शंभर तासांच्या तपासणीत घाई झाली की हेच राहते. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचेही तसेच. जुन्या सेस्नांची काही झाकणे पंखाच्या पृष्ठभागाशी सपाट असतात. रबर कडक झाले की पावसाचे पाणी थेट टाकीत जाते. उड्डाणाआधी टाकीखालचे पाणी काढून बघायचे असते, आणि आमच्याकडच्या पावसात एकदा काढून भागत नाही.

आता एक उफराटी गोष्ट. जास्त उडालेले विमान झिजते, हे कोणीही मान्य करील. न उडणारे विमान त्याहून लवकर बिघडते, हे मालकांना पटवणे कठीण जाते. ‘अहो, गेली चार वर्षे हँगरमध्येच आहे, जेमतेम वापरलंय’ असे विक्रेता कौतुकाने सांगतो. या छोट्या विमानांत सर्वाधिक आढळणाऱ्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. इंजिन बंद राहिले की त्यावरचे तेल निथळून खाली येते, दमट हवा आत शिरते आणि कॅम गंजू लागतो. यावर ‘आम्ही दर रविवारी इंजिन चालू करून ठेवतो’ हा तोडगा घराघरातल्या बजाज स्कूटरवरून आलेला असावा. तो इथे चालत नाही. जमिनीवर दहा मिनिटे फिरवलेले इंजिन नीट तापत नाही, उलट आत ओलावा जमवते. कंपनी तसे स्पष्ट सांगते. म्हणूनच इंजिनाच्या सर्वंकष दुरुस्तीची मुदत तासांत असते तशी वर्षांतही असते. पुष्कळ लायकमिंग इंजिनांना तास भरले नाहीत तरी बारा वर्षांची मर्यादा सांगितलेली आहे.

आणि कुंभारीण. मातीचे घर बांधणारी ही गांधीलमाशी कोकणात कुठे नाही? कुलपाच्या भोकात, विजेच्या प्लगमध्ये, रेडिओच्या मागे. विमानाचा वेग मोजायला बाहेर एक बारीक नळी असते, पिटो ट्यूब. कुंभारणीला ती फार आवडते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ बिर्गेनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण गेले. ते विमान त्याआधी काही आठवडे झाकण न लावता उभे होते, आणि नळी बंद होण्यामागे अशाच एका माशीचे घर असावे असा तपासाचा निष्कर्ष होता. पिटोचे झाकण म्हणजे लाल पट्टी लावलेली छोटी पिशवी. तिची किंमत आणि त्या १८९ माणसांचा हिशेब एका कागदावर मांडायची हिंमत होत नाही.

जुन्या विमानांच्या बाबतीत मालक एकटा का पडतो, याचे एक कारण उत्पादकांच्या इतिहासात आहे. अमेरिकेत छोट्या विमानांच्या अपघातांवरून कंपन्यांवर इतके दावे होऊ लागले, की सेस्नाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. १९९४ मध्ये तिथे कायदा झाला. विमान विकल्यापासून अठरा वर्षे उलटली की सर्वसाधारणपणे उत्पादकावर दावा करता येणार नाही. त्यानंतर सेस्नाने १७२ पुन्हा सुरू केली. १५२ नाही. ही दोन आसनी, जगभर वैमानिक घडवणारी सेस्ना १९७७ ते १९८५ एवढीच वर्षे बनली. म्हणजे आज कुठेही दिसणारी सेस्ना १५२ चाळिशी गाठलेली किंवा ओलांडलेली असते, आणि तिच्या दोषाबद्दल कारखान्याला जाब विचारायची मुदत केव्हाच संपलेली असते. उरतात मालक, एएमई आणि वैमानिक. ऑस्ट्रेलियात सेस्नानेच जुन्या विमानांसाठी पूरक तपासण्यांची यादी काढली आणि तिथल्या नियामकाने ती बंधनकारक मानली, तेव्हा मालकांत ओरड झाली. तपासणीचा खर्च विमानाच्या किमतीला भिडतो, हे त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पण मला त्यात नियामकाचीच बाजू पटते. पंख उघडून बघणे परवडत नाही अशा माणसाला तो पंख परवडत नाही.

आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९५८ मध्ये ‘पुष्पक’ नावाचे कापडी आवरणाचे दोन आसनी विमान उडवले आणि ते देशभरच्या फ्लाइंग क्लबांना दिले. कित्येक मराठी वैमानिकांचे पहिले एकट्याचे उड्डाण पुष्पकातून झाले. कारखाना बंद पडलेल्या विमानाचे सुटे भाग मिळेनासे होतात. मग एक विमान मोडून दुसरे चालवायचे, ही पद्धत सगळ्या क्लबांनी पाहिली आहे. एसटीच्या आगारात ती चालते. विमानात प्रत्येक जुन्या भागासोबत त्याचा इतिहास सांगणारा कागद लागतो, आणि कागद नसेल तर भाग कितीही चांगला दिसला तरी तो भंगार.

महाराष्ट्रातले मालक किती प्रकारचे, हे पाहू लागलो तेव्हा मला एकच मोजपट्टी उपयोगी वाटली: मालक वैमानिकाच्या खुर्चीपासून किती लांब बसतो.

सर्वांत जवळ बसले जेआरडी टाटा. १० फेब्रुवारी १९२९ ला वैमानिकाचा परवाना मिळवणारे, १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला उतरवणारे. या उड्डाणाच्या पन्नाशीला, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तीच वाट पुन्हा उडून दाखवली. विमान होते लेपर्ड मॉथ, लाकडाचे आणि कापडाचे, १९३० च्या दशकात बनलेल्या जातीचे. बातम्यांनी कौतुक केले ते वैमानिकाच्या वयाचे. माझे लक्ष विमानाच्या वयाकडे जाते. त्या जातीचे उत्पादन १९३६ मध्येच थांबले होते. लाकडी स्पार, सरस लावलेले सांधे, खळ दिलेले कापड यांतले काय ठीक आहे आणि काय नाही हे बघणाऱ्यांनी बघितले, आणि ज्याच्या नावाने विमान उडणार होते तो स्वतः आत बसला. मिरकरवाड्यातल्या नौकामालकासारखा.

त्याच्या शेजारी मी कॅप्टन अमोल यादव यांना बसवीन. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला त्याची चाचणी झाली. विमान नवे, पण ज्याने प्रत्येक रिव्हेट स्वतः ठोकली त्याला जबाबदारीचे कलम वाचून दाखवावे लागत नाही.

मग क्लब. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, जुहूच्या विमानतळाइतकाच जुना, समुद्राच्या तोंडावर. क्लबचे विमान सगळ्यांचे असते, आणि सगळ्यांचे म्हणजे काय होते हे गावच्या सार्वजनिक विहिरीने आपल्याला शिकवले आहे. जिथे एखादा खमक्या मुख्य अभियंता मिळाला तिथे क्लब तरले. नागपूर फ्लाइंग क्लबची तऱ्हा वेगळी. तो सरकारी, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालचा. मंजुऱ्या आणि माणसे यांच्या अभावी मधली काही वर्षे त्याची विमाने जमिनीवरच राहिली. विमानांना बदलीचा आदेश कळत नाही. आयुक्त बदलले तरी कॅमशाफ्टवरचे तेल निथळायचे थांबत नाही.

प्रशिक्षण संस्थांत मालक कार्यालयात असतो आणि खुर्चीत विशीतले पोर. त्या पोराने किंवा त्याच्या बापाने कर्ज काढून शुल्क भरलेले असते. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीत शेतात एक सेस्ना १५२ कोसळले. एकटी उडणारी शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. अपघाताच्या कारणाबद्दल मी इथे काही म्हणत नाही. एवढेच नोंदवतो, की ते विमान तिच्याहून निदान बारा-पंधरा वर्षांनी मोठे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली. दोन्ही रेडबर्ड या संस्थेची. सहा महिन्यांतल्या पाच घटनांचा दाखला देऊन आणि देखभालीवर बोट ठेवून डीजीसीएने संस्थेची प्रशिक्षणाची मान्यता तेव्हा स्थगित केली. ही विमाने इटालियन टेकनॅम बनावटीची होती, सेस्ना १५२ च्या मानाने कालची. जुने तेवढे वाईट आणि नवे तेवढे चांगले, ही समजूत बारामतीत अशी मोडीत निघाली.

खुर्चीपासून सर्वांत लांब बसतात ते सरकार आणि कंपनी. २८ जून २०१८ रोजी दुपारी जुहूहून उडालेले किंग एअर सी-९० घाटकोपरच्या दाट वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या जागेवर कोसळले. विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे. अलाहाबादला झालेल्या अपघातानंतर, २००८ पासून, ते उडालेलेच नव्हते. २०१४ मध्ये एका खासगी कंपनीने ते विकत घेतले, जुहूच्या हँगरमध्ये दीड वर्ष त्याची डागडुजी चालली, आणि ऐन पावसाळ्यात ते चाचणीसाठी वर गेले. या अपघाताचे खापर केवळ विमानाच्या वयावर फोडणे चुकीचे होईल. पाऊस, ढग आणि उड्डाणाचा निर्णय हेही त्यात आहेत. पण विमानात कोण होते ते पाहा. दोन वैमानिक, आणि विमानावर काम करणारे दोन तंत्रज्ञ. खाली पाचवा बळी ठरला तो एक कामगार. दहा वर्षांत विमानाचे दोन मालक झाले. पहिल्याने ते मोडके विकले, दुसऱ्याने ते मोडके घेतले. दोघांपैकी कोणीही आत नव्हते, आणि मालकाने आत बसावे असे कोणताही नियम सांगत नाही.

मग नियम काय करू शकतो? परदेशातून आणायच्या विमानाच्या वयावर डीजीसीएने मर्यादा घातल्या आहेत. त्या काही वेळा बदलल्या आणि सैलही झाल्या. पण इथेच नोंदलेले, इथेच म्हातारे होणारे छोटे विमान प्रमाणपत्रे मिळत आहेत तोवर उडू शकते, आणि ते बरोबरही आहे. वयाची सरसकट रेघ ओढली तर जेआरडींचे लेपर्ड मॉथ बसते आणि डेटोनाचे पायपर उडते. २०२० च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा दहा लाखांवरून एक कोटी रुपये झाली. दंडाचा मात्र एक दोष असा, की तो घटना घडल्यावर येतो.

मला दोन लहानशा गोष्टी जास्त उपयोगाच्या वाटतात. पहिली, वार्षिक तपासणीच्या वेळी मालकाने हजर राहावे. कंपनी असेल तर तिच्या संचालकाने, सरकार असेल तर सहीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने. पत्रे उघडलेले, खुर्च्या काढलेले, पोटातल्या तारा लोंबणारे विमान एकदा डोळ्यांनी पाहिले की ‘यंदा एवढे राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही. एएमईला सर्वांत जड जाणारे वाक्य तेच असते. त्याचा पगार आणि त्याची सही एकाच माणसाच्या मर्जीवर ठेवली तर सहीचे काय होते हे कोणत्याही क्षेत्रातला कनिष्ठ अभियंता सांगू शकेल. दुसरी, विमान विकताना त्याची सगळी लॉगबुके, दुरुस्तीच्या सगळ्या नोंदी, आधीच्या प्रत्येक अपघाताचा कागद विमानाबरोबर गेला पाहिजे. नियम तसा आहेच. पण लिलावात विमान घेणारा आधी इंजिनाची किंमत काढतो आणि कागदांचा गठ्ठा शेवटी मागतो. जमीन घेताना सातबारा आधी बघणारा माणूस विमान घेताना असा का वागतो, कळत नाही.

मिरजोळ्याला उद्या कोणी आपले विमान कायमचे ठेवायचे म्हणेल, तर त्याच्यासाठी इथला हिशेब आणखी वेगळा आहे. समुद्रावरून उडालेले विमान उतरल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे असते. नौदल आणि तटरक्षक दल ते नेमाने करतात. मीठ पत्र्याच्या सांध्यांत वाळण्याआधी निघाले पाहिजे. धुतल्यावर पाणी निथळायची छिद्रे उघडी आहेत का ते बघायचे, सांध्यांत गंजरोधक तेल फवारायचे, पिटोला झाकण घालायचे. पावसाळ्यात ताडपत्री घालून भागत नाही, कारण तिच्याखाली दमट हवा कोंडते. वारा खेळणारा बंदिस्त हँगर लागतो. आणि मे महिन्यात, जेव्हा आमच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते, तेव्हा प्रत्येक उड्डाणानंतर विमान धुवायला गोडे पाणी कुठून आणणार, हे त्याने विमान घेण्याआधी ठरवलेले बरे.